फटफटीनंतरचा रस्ता

मराठीच्या प्राध्यापकवर्गात यंत्राविषयी बोलण्याची एक ठरलेली रीत आहे. यंत्र आले की परात्मता आली, वेग आला की संवेदना बोथट झाली आणि माणूस जितका पायी चालेल तितका तो मातीच्या जवळ राहील. चर्चासत्रांतून हे समीकरण इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते कुणी तपासून पाहिले आहे काय, असे विचारणेही औचित्यभंग ठरावा. आम्ही गोंदिया जिल्ह्यात शिकवतो. आमच्या वर्गातली पुष्कळ मुले गोरेगाव, आमगाव, सडक अर्जुनीकडच्या खेड्यांतून दुचाकीने येतात. त्यांच्याकडे पाहता हे समीकरण खोटे आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

ते आले कोठून? मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या समीक्षेत ‘यंत्र’ हा शब्द महानगरी घुसमटीशी जखडला गेला. मर्ढेकरांपुरते ते रास्तच होते. मुंबईत यंत्र माणसापुढे गिरणी म्हणून, लोकल म्हणून उभे होते; ते त्याला आपल्या वेळापत्रकात ओढून घेत होते. धानाच्या मुलखात मात्र ते उलट दिशेने आले. येथे वेळापत्रक एस.टी.चे होते आणि मोटारसायकलीने माणसाला त्यातून सोडवले. मुंबईचा अनुभव झाडीपट्टीवर जसाच्या तसा लादणे ही समीक्षा नव्हे, आळस आहे.

दुसरे मूळ अधिक आदरणीय आहे. महानुभावांचे अटन, वारकऱ्यांची वारी, १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ अशी आपली परंपरा मुख्यतः पायांची आहे. पण गोडसे भटजी चालले ते संवेदना तीक्ष्ण राहावी म्हणून नव्हे. दारिद्र्यामुळे बाहेर पडलेल्या भिक्षुकापुढे पर्याय तरी कोणते होते? त्यांच्या निरुपायाला आपण सौंदर्यतत्त्व करून टाकले आणि तेच आता हप्त्यावर गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला ऐकवतो.

नव्या गाडीने नेमके काय बदलते, याचा विचार शब्दापासून सुरू करता येईल. मोटारसायकलीला आपल्याकडे पूर्वी फटफटी म्हणत. हे नाव आवाजावरून पडले आणि चालकाचे लक्ष कोठे गुंतलेले असे हेही त्यातच आले. डिसेंबरच्या पहाटे चोक ओढायचा, किका मारायच्या, इंजिन तापेपर्यंत मूठ सांभाळायची. वाटेत गाडी आचके देऊ लागली की चालता चालताच डाव्या हाताने पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. कान सदैव इंजिनाकडे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला, इंधन मोजून देण्याचे काम संवेदक करू लागले आणि चोक, कॉक त्याबरोबरच गेले. चालकाच्या कानाला आत काम उरले नाही. तो कान बाहेर गेला. ‘फटफटी’ हा शब्द मागे पडला, उरली नुसती ‘गाडी’. एके काळी बैलगाडीलाही आपण हेच म्हणत होतो.

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणारा रस्ता घ्या. गोरेगाव मागे पडून मुरदोलीच्या जंगलात शिरताना हवा गार होते ती आधी मनगटांना कळते. चैत्रात मोहाचा वास झाड दिसण्यापूर्वी येतो. सायंकाळी बोडीच्या पाळीजवळून जाताना ओलसर झुळूक अंगावरून जाते आणि क्षणात संपते. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल, मळणीच्या दिवसांत तेथेच वाळत घातलेले धान, हे सारे टायरमधून मुठीत येते. आणि वेगाचा आरोप करणाऱ्यांनी नव्या गाडीसोबत मिळणारी पुस्तिका जरूर वाचावी: पहिले काहीशे किलोमीटर वेग आवरता ठेवा, असेच ती बजावत असते. ज्या रस्त्यावर मुलगा चार वर्षे बसच्या खिडकीतून पेंगत आला, तो रस्ता या आवरत्या वेगात त्याला पहिल्यांदा दिसतो.

काही मित्र येथे पर्सिगच्या १९७४ च्या पुस्तकाचा दाखला देतात: यंत्राची निगा स्वतः राखण्यातच खरे नाते, नवी गाडी ते तोडते. मात्र त्याच पुस्तकात आरंभी मोटारीची खिडकी आणि मोटारसायकल यांतला भेद मांडलेला आहे. मोटारीत आपण दृश्य पाहतो, दुचाकीवर आपण दृश्यात असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीच्याच जंगलात रस्ता ओलांडणारा वाघ वाहनाच्या धडकेने मेला. ते वाहन मोटार होते, बंद काचांचे.

दुचाकी निष्पाप आहे, असा याचा अर्थ नाही. १२५ सीसीवरील गाड्यांना २०१९ पासून चाक जखडू न देणारे ब्रेक सक्तीचे झाले. त्यांनी जीव वाचतात आणि नको तेवढा विश्वासही वाढतो. मीटरशेजारी फोनशी जोडलेला पडदा आला आहे, तो बाहेर गेलेल्या लक्षाला पुन्हा आत खेचतो. या यंत्रावर टीका करायचीच तर ती येथे करावी. त्यासाठी ते आधी नीट पाहावे लागेल.

आमची चिंता वर्गाची आहे. ‘माझा प्रवास’ या विषयावर निबंध मागवला की आमची मुले बैलगाडी लिहितात, घुंगरांचा नाद लिहितात, धुळीची पायवाट लिहितात. ज्याच्या गाडीच्या आसनावरचे प्लास्टिक अजून निघालेले नाही, तोही घुंगरे लिहितो. स्वतःचा रस्ता साहित्यात बसत नाही, हे त्याला कुणी शिकवले? प्रवासवर्णनाच्या घटकाखाली पुढील सत्रात आम्ही गोंदिया–कोहमारा रस्ता हाच विषय देणार आहोत, आणि बैलगाडीला गुण नाहीत असे आधीच सांगणार आहोत. सहकाऱ्यांनी आक्षेप अवश्य घ्यावेत. मात्र ते चाळीस किलोमीटर एकदा दुचाकीवरून, शक्यतो पावसाळ्यात, पार करून घ्यावेत.