समुद्र केव्हा पाहावा?

बुलढाणा जिल्ह्यातील मुलांना खारे पाणी अपरिचित असते असे नाही. लोणारचे सरोवर त्यांनी पाहिलेले असते. आणि घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना तर विहिरीचे मचूळ पाणी नित्य चाखावे लागते. परंतु लोणारचे पाणी आपल्या जागी निश्चल असते. त्याला भरती नाही आणि ओहोटीही नाही. म्हणूनच आपल्याकडील माणसाला समुद्रदर्शनाची मोठी हौस असते. सहलीचा विषय निघाला, की रत्नागिरीचे नाव हटकून पुढे येते. मग साहजिकच प्रश्न पडतो, की तेथे जावे केव्हा?

'हिवाळ्यात जावे,' हे या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर आहे. मुख्याध्यापक असताना मीही मुलांना मार्गशीर्षातच तेथे नेत असे. मलकापूरला आगगाडीत बसून मुंबई गाठावी आणि तेथून कोकण रेल्वेने पुढे जावे, असा आमचा क्रम असे. त्या दिवसांत हवा सुखद असते, आकाश निरभ्र असते आणि समुद्र शांत असतो. अशाच एका सहलीत मांडवीच्या किनाऱ्यावर इयत्ता सातवीतील एक मुलगा बराच वेळ समुद्राकडे पाहत उभा होता. त्याने मला विचारले, "गुरुजी, आपला पाऊस निघतो, तो याच पाण्यातून का?" मी म्हणालो, "होय, पुष्कळसा येथूनच." तेव्हा तो हिरमुसून म्हणाला, "पण येथे तर तसे काहीच दिसत नाही!"

त्या मुलाच्या घरची शेती कोरडवाहू होती. ज्याच्या भरवशावर आपले वर्ष उभे राहते, त्या पावसाचे माहेर पाहावयास तो आला होता. आणि मी त्याला नेमके पाऊस नसताना तेथे आणले होते. मी ऋतू निवडला होता, तो माझ्या सोयीने. तेव्हापासून माझे असे मत झाले आहे, की ऋतू निवडताना केवळ 'मला सुख केव्हा होईल?' एवढेच पाहू नये. 'ते गाव आपल्या खऱ्या रूपात केव्हा दिसेल?' आणि 'आपला भार यजमानांवर केव्हा पडणार नाही?' हे दोन प्रश्नही स्वतःला विचारावेत.

या कसोटीवर उन्हाळा प्रथम पाहू. वैशाखात हापूस आंब्याचा हंगाम असतो आणि शाळांना सुटी असते. आपल्या मलकापूर-शेगावकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रत्नागिरीस तो ३३ अंशांच्या आसपास असतो. तरीही आपला माणूस तेथे अधिक कासावीस होतो. हवेत बाष्प इतके असते, की अंगावरचा घाम वाळतच नाही. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे थोडा दिलासा देतात, एवढेच. पण याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. रत्नागिरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी ते पाणी उतारावरून समुद्रास मिळते आणि मे महिन्यात त्या जिल्ह्यातील कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. सातशे-आठशे मिलिमीटर पावसावर वर्ष काढणाऱ्या आपल्यासारख्यांना टँकरची वाट पाहणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तहानलेल्या घरी पाहुणा म्हणून जाणे आपल्याला तरी शोभत नाही.

आषाढात समुद्राचे रौद्र रूप दिसते, हे खरे. पण तेव्हा मासेमारीस बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि दरडी कोसळून वाटाही अडतात. शिवाय त्या दिवसांतील समुद्राशी खेळ नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ही घटना किनाऱ्यावरचे लोक अद्यापि विसरलेले नाहीत.

मग उत्तम काळ कोणता? माझ्या मते भाद्रपदाचा उत्तरार्ध. नारळी पौर्णिमेला कोळी बांधवांनी समुद्राची पूजा केलेली असते आणि मिरकरवाडा बंदरातून नौका पुन्हा ये-जा करू लागलेल्या असतात. खाचरांतून भात डोलत असते आणि जांभ्या दगडाचे उघडे सडे रानफुलांनी झाकून गेलेले असतात. पश्चिमेकडून ढग येतात, बरसतात, सह्याद्रीकडे सरकतात आणि मध्येच लखलखीत ऊन पडते. आपल्या पावसात बंगालच्या उपसागराचाही वाटा आहे; पण भूगोलाच्या पुस्तकातला अरबी समुद्रावरचा पाऊस येथे डोळ्यांसमोर घडताना दिसतो. मात्र गणेशोत्सवात गाड्या गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात. वर्षातून एकदा घरी निघालेल्या त्या माणसांची जागा आपण अडवू नये. अनंत चतुर्दशीनंतर निघावे. आपल्याकडेही तेव्हा निंदण-खुरपण आटोपलेले असते आणि सोयाबीनची सोंगणी बहुधा सुरू व्हावयाची असते. शेतकऱ्याच्या घरी सवडीचा असा आठवडा क्वचितच मिळतो.

यावर कोणी म्हणेल, की त्या दिवसांत पाऊस गाठेल आणि एखादा दिवस धर्मशाळेत बसून काढावा लागेल. हे मला मान्य आहे. समुद्रही तेव्हा पुरता निवळलेला नसतो. म्हणून पाण्यात उतरू नये आणि भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिक लोकांना विचारूनच किनाऱ्यावर जावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर दूरच उभे राहावे. वृद्धांनी, आजाऱ्यांनी आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हिवाळाच पसंत करावा, यात मुळीच कमीपणा नाही.

रत्नागिरीतच ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. इंग्रजांनी त्याला १८८६ मध्ये तेथे आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. तीस वर्षे त्याने त्या समुद्राचे सारे ऋतू पाहिले. पण त्यांतला एकही त्याने स्वतः निवडलेला नव्हता. आपल्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे. ते केवळ ऊन-थंडीचा हिशेब करण्यात खर्चू नये. त्या सातवीतल्या मुलाला पुन्हा रत्नागिरीस नेण्याचा योग आला, तर मी त्याला भाद्रपदात नेईन, मांडवीवर उभा करीन आणि काही न बोलता पश्चिमेकडे बोट दाखवीन.