ओटी भरण्याआधी साखर तपासा



होडी पाण्यात लोटण्याआधी आपण तळावर हात फिरवून बघतो. फट वरून दिसत नाही, म्हणूनच. गरोदरपणातल्या साखरेचंही तसंच आहे. बहुतेक बायकांना काहीच त्रास जाणवत नाही. त्यामुळे "आमच्या घरात कुणाला शुगर नाही" एवढ्यावर थांबू नका. तपासणी प्रत्येकीची व्हायलाच हवी.

सरकारी पद्धत सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशीपोटी जायची गरज नाही. आकडा 140 किंवा जास्त आला, तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच करायची. ती ठीक आली तरी 24 ते 28 आठवड्यांत दुसरी करायची, कारण दिवस भरत जातात तशी वारेतल्या हार्मोन्समुळे साखर वाढू शकते.

आपल्याकडे घोडं अडतं ते या दोन तासांवर. टोपलीतली मासळी थांबत नाही, म्हणून बाई ग्लुकोज पिऊन तशीच बाजाराला उठते. दुसरी तपासणी तर माहेरी जायच्या गडबडीत राहूनच जाते. बेलूरची सून बेळगावला, कोल्हापूरला जाते आणि तायी कार्ड इथंच कपाटात राहतं!

आमचं मत स्पष्ट आहे. हे एकट्या बाईचं काम नाही. त्या दिवशी टोपली नवऱ्यानं नाहीतर सासूनं उचलावी. होडीमालकांनी गड्याला सुट्टी द्यावी आणि मजुरी कापू नये. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तो दिवस धरा.

साखर निघाली तर घाबरू नका. आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. भात बेतानं खायचा, पण मासळी बंद नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन देतात. दुर्लक्ष केलं तर बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अडू शकतं आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. साखर निघालेल्या बाईनं बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावं.

सातव्यात ओटी भरतोच आपण. त्याआधी एकदा सुनेला विचारा, "रक्त दिलंस का गं?"