चौकटीतली लूट

युरोपातील जुन्या चित्रांच्या दुकानांत ग्रीक-रोमन पुराणकथांची कोरीव चित्रे सुटी विकली जातात. डॅफ्नीचे झाड होत आहे, ॲक्टिऑनवर त्याचीच कुत्री तुटून पडली आहेत, इकॅरस समुद्रात कोसळत आहे. भोवती सुबक चौकट, मागे दुकानदाराचा दाखला : अठराव्या शतकातील अस्सल चित्र. अस्सल ते असतेही. पण ते आले कोठून, हा प्रश्न ग्राहक क्वचितच विचारतो. माझे म्हणणे स्पष्ट आहे. यांतील पुष्कळ पाने धडधाकट ग्रंथ फाडून काढलेली असतात आणि ती विकत घेणारा त्या फाडण्यात भागीदार असतो.

हे मी उच्चासनावर बसून लिहीत नाही. इकॅरसचे असे एक पान मीही हौसेने घेतले होते. चौकट बदलण्यासाठी ते बाहेर काढले, तेव्हा डाव्या कडेला धारदार पात्याची सरळ रेघ दिसली. पुठ्ठ्याखाली चित्राची नक्षीदार किनार आणि चार भाषांतील शीर्षक दडपलेले होते.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र अक्षरांच्या खिळ्यांबरोबर छापता येत नसे. त्याला रुळांचे वेगळे यंत्र आणि ओलसर कागद लागे. म्हणून अशी चित्रे बहुधा स्वतंत्र पानांवर छापून नंतर ग्रंथात बांधली जात. फाडणाऱ्याचे काम त्यामुळेच सोपे झाले. लाकडी ठशांची गोष्ट निराळी. बर्नार सालोमों याच्या चित्रांचा 'ओव्हिड' १५५७ साली लिऑन येथे निघाला. त्यात वर चित्र, खाली पद्य आणि पानाच्या पाठीवर पुढची कथा. तेथे एक पान कापणे म्हणजे दोन कथा कापणे.

आपल्यातील काही भाविक विचारतील की परक्या दैवतांच्या चित्रांची एवढी चिंता ख्रिस्ती माणसाने का करावी? त्यांना मी मिशेल द मारोल या फ्रेंच मठाधिपतीकडे पाठवीन. १६५५ साली पॅरिसमध्ये निघालेल्या 'कलादेवतांचे मंदिर' या ग्रंथातील विवेचन त्याचेच. चित्रे फाव्हरो नावाच्या रसिकाने आधीच करवून घेतली होती. मारोलने त्यांच्यासाठी शब्द लिहिले. चित्र आणि मजकूर एकमेकांसाठीच जन्मले असताना त्यांची ताटातूट करणे याला संग्रह म्हणावे काय? पुढे १७३३ साली पिकारने याच परंपरेतील साठ चित्रांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथे सिद्ध केला. माझा इकॅरस तेथलाच.

दुकानदार म्हणतात, संग्राहक पूर्वीपासून सुटी चित्रे जमवीत आले. खुद्द मारोलनेही जमविली. खरे आहे. सव्वा लाखाच्या आसपास चित्रे त्याने गोळा केली. पण ती वर्गवारी करून जाड वह्यांत लावली, १६६६ साली त्यांची सूची छापली आणि पुढच्याच वर्षी सारा संग्रह फ्रान्सच्या राजाला विकला. आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा चित्रविभाग त्या पायावर उभा आहे. त्याने विखुरलेले एकत्र आणले. हे एकत्र असलेले विखुरतात.

दुसरा युक्तिवाद असा की ग्रंथ आधीच अपुरा होता. अपुरा कोणी केला? एका दुकानात दहा पाने गेली की दुसऱ्या दुकानाला उरलेली पन्नास कापण्याचा परवाना मिळतो. हिशेब साधा आहे : संपूर्ण ग्रंथाला गिऱ्हाईक एक, साठ पानांना साठ. शिवाय काळ्या रेषांवर आजचे जलरंग फासून किंमत वाढविण्याची युक्ती आहेच.

आणि सुटे चित्र मुकेही होते. ॲक्टिऑनची कथा सांगताना ओव्हिड आरंभीच बजावतो की हा नशिबाचा घाला होता, गुन्हा नव्हे. भिंतीवर त्याचे केवळ शिकारीचे दृश्य उरते. ग्रंथ नाहीसा होणे म्हणजे काय, हे आपल्याला तरी कोणी शिकवायला नको. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ पासून सतराव्या शतकात तीनदा छापले गेले. त्या छपाईची एकही प्रत आज आपल्या हाती नाही.

ज्याला हौस आहे त्याने ती जरूर करावी. गोल्ट्झियसने १५८९ पासून ओव्हिडच्या कथांवर काढलेली बावन्न चित्रे कोणत्याही ग्रंथासाठी नव्हती. ती मुळातच चित्रमालिका म्हणून निघाली. ती घ्यावीत. नुसते पाहायचे असेल तर ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातील असंख्य चित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतील अशी ठेवली आहेत. आणि दुकानात कोणी पान पुढे केले, तर चौकट उघडून डावी कड आधी पाहावी.

माझे पान मी भिंतीवरून उतरविले आहे. विकलेले नाही, विकले असते तर ते पुन्हा त्याच बाजारात गेले असते. ते कपाटात आहे, आणि कोणत्या ग्रंथातून निखळले हे सोबतच्या चिठ्ठीवर लिहून ठेवले आहे.