मजुराची ताकद, पिंपाचें श्रेय

आयर्लंडांत दारूच्या पिठ्यांच्या भिंतींवर गिनीस बिअरच्या जुन्या जाहिराती पुन्हा रंगवितात आणि प्रवासी त्यांस कला म्हणून नावाजतात. चित्रकार जॉन गिलरॉय याचा हात चांगला होता, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच्या १९३४ च्या चित्रांत आहे काय? एक मजूर अवजड लोखंडी तुळई लीलया उचलून चालला आहे, आणि सोबत लिहिलें आहे कीं, ताकदीसाठीं गिनीस! वाहवा! तुळई उचलली मजुरानें, श्रेय लाटलें पिंपानें! आमच्या भटजीबोवांचा धंदा याहून निराळा काय? घाम कुणब्याचा, दक्षिणा मंत्राला!

दूरदेशची गोष्ट म्हणून कोणी हंसूं नये. जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं पुणें म्युनिसिपालिटीस वाढत्या दारूगुत्त्यांविरुद्ध लेखी बजावलें होतें. पुढें १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें मद्याच्या जाहिरातीस मनाई झाली. ती महाराष्ट्रांत आजहि आहे. मग दारूवाले काय करितात? तेंच नांव, तेंच चिन्ह सोड्याच्या बाटलीवर चढवून भर रस्त्यांत फलक लावितात. हा सोडा कसला, हें शेंबड्या पोरासहि कळतें. मग तें पालिकांसच कसें कळत नाहीं? आणि या फलकांचें शुल्क त्या कोणत्या तोंडानें घेतात?