शिकाऊ पोरगा घरात एकटा, पर्यवेक्षक कुठे आहे?

बल्लारपुरात एप्रिल लागला की कूलर माळ्यावरून खाली उतरतात आणि आयटीआयची आमची पोरे पक्कड, टेस्टर घेऊन घरोघरी फिरू लागतात. पारा ४५ च्या पुढे, पत्र्याचा कूलर, आत पाणी, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि दुरुस्तीला अठरा-एकोणीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेडचा विद्यार्थी. तोही एकटा. ज्याने पाठविले तो ठेकेदार दुसऱ्या साईटवर असतो, नाहीतर घरी जेवून आडवा झालेला असतो.

कायद्याला हे मान्य नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील नियम ४५ पासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांपर्यंत एकच गोष्ट सांगितली आहे. ग्राहकाच्या जागेतील वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, ते सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे आणि तारेला हात लावणाऱ्याजवळ परवाना असावा. सूट आहे ती दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलण्यापुरती. तीही जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल तरच. या एवढ्याशा फटीतून ठेकेदार अख्खे घर बाहेर काढतात! पोरगा पंखा बदलायला जातो, घरमालकीण म्हणते, बाळा, गिझरचाही एक पॉइंट काढून दे. संध्याकाळपर्यंत नवी लाइन ओढून होते.

प्रत्यक्ष देखरेख म्हणजे टेस्ट रिपोर्टवरची सही नव्हे. फोनवरून 'मेन बंद कर रे' म्हणणेही नव्हे. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद केल्यावरही काही तारा जिवंत राहतात. जुन्या घरात कोणीतरी स्विच न्यूट्रलवर बसविलेला असतो. बटण बंद आणि होल्डरमध्ये करंट. पुस्तकात हे लिहिलेले असते, पण हाताला सवय लागायला शेजारी जाणता वायरमन उभा लागतो. तो टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तपासायला सांगतो, ओल्या भिंतीवर ड्रिल धरू देत नाही, लोखंडी शिडी बाहेर ठेवायला लावतो.

चळवळीच्या दैनिकात हा विषय कशाला, असे काही बांधव विचारतील. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार, घरातच गुरू आणि घरातच उमेदवारी, अशी ही व्यवस्था होती. आमच्या वाट्याला वेठबिगारी आली. विजेचा धंदा नवा, त्याला जात चिकटलेली नव्हती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज आणि तांत्रिक प्रशिक्षण हे दोन्ही विषय त्यांच्याच खात्याकडे होते; केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये त्याच खात्याने उभे केले. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांची नातवंडे-पतवंडे आयटीआयच्या वाटेने कारागीर झाली. (स्वयंपाकघरातला पॉइंट जोडायला हा पोरगा चालतो, पाणी मात्र कुठे कुठे अजून निराळ्या ग्लासात येते.) त्याच पोरांना आज स्वस्तातले हात म्हणून वापरले जात आहे. आणि वापरणारे सगळे परके असतात असेही नाही. 'जय भीम' घालून पोराला एकट्याला साईटवर धाडणारे आपल्यातही आहेत.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने करार, त्याची नोंदणी आणि विद्यावेतन सांगितले आहे. कलम १६ प्रमाणे प्रशिक्षणातील अपघाताची भरपाई मालकावर आहे. कलम १८ म्हणते, उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. ठेकेदार यातले एवढेच वाचतो. राबविताना तो 'आपला माणूस', मेल्यावर 'शिकायला येत होता'! पण करारच केलेला नसेल तर तो या कायद्याखालचा उमेदवार कसा? तो मजुरीवर ठेवलेला कामगारच ठरतो, आणि हा मुद्दा आमच्या वकील बंधूंनी सोडू नये.

आमच्याकडे एकदा एक बाप स्टॅम्प पेपर घेऊन आला. पोरगा करंट लागून गेलेला, पुण्यानुमोदन व्हायचे होते, आणि त्याआधीच ठेकेदाराने थोडी रक्कम देऊन 'आमची काही तक्रार नाही' असे लिहून घेतले होते. अशा कागदाला आम्ही किंमत देत नाही, न्यायालयानेही देऊ नये. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हाती द्यायचीच नसते, ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते; १९२३ च्या कायद्यात हेच होते, सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली अपघाताची चौकशी होते. विद्युत निरीक्षकाचा अहवाल मागा, त्यात त्या वेळी पर्यवेक्षक हजर होता काय ते पाहा. निष्काळजीपणा दिसला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे.

पण हे सारे नंतरचे. बल्लारपूर, बामणी, विसापूरच्या विहारांत रविवारी वंदनेनंतर आईबापांनी एवढे विचारून घ्यावे: तुझ्या ठेकेदाराच्या परवान्याचा क्रमांक काय, करार नोंदविला का, आणि उद्या ज्या घरी जातोस तिथे तुझ्याबरोबर कोण उभे राहणार आहे? तिसऱ्याचे उत्तर नावानिशी मिळाले नाही, तर त्या दिवशी पोराला घरी ठेवा.