पळणाऱ्याचं तिकीट कोण फाडतं?

घरातून पळालेलं माणूस मला गाडीत चढतानाच कळायचं. एसटीत मी ३१ वर्षं वाहक होतो, त्यातली ११ सोलापूर-पुणे रात्रीच्या गाडीवर. पळालेलं माणूस गावाचं नाव घेत नाही, "गाडी जिथवर जाते तिथवरचं द्या" म्हणतं. उरलेले सुट्टे पैसे मागत नाही. पिशवी वर रॅकवर टाकत नाही, मांडीवर घट्ट धरून बसतं. जोडी असली तर दोघं शेजारी बसत नाहीत. तो मागे, ती पुढे बायकांजवळ, तिकिटं मात्र दोन्ही त्याच्याच खिशात. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, कुठंही गाडीचा वेग कमी झाला की दोघांच्या माना एकदम खिडकीकडे वळतात.

निवृत्त झाल्यावर वाचायला आणि सिनेमे बघायला वेळ मिळाला. पुस्तकं हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणतो, परदेशी सिनेमे मुलगी लॅपटॉपवर लावून देते. काही महिन्यांनी तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही सारखं पळून जाणाऱ्यांचंच का बघता?" नोकरीची खोड, दुसरं काय! पण भिंत किती उंच होती आणि उडी किती लांब मारली, याचं मला फार अप्रूप नाही. मी गोष्टीत दुसराच माणूस शोधतो. याचं तिकीट कोणी फाडलं? दार कोणी उघडं ठेवलं, मागे कोण थांबलं, पुढे कोणी जागा दिली? माझं मत सांगतो. एकट्यानं कोणी पळत नाही. ज्या लेखकाला किंवा दिग्दर्शकाला हे ठाऊक असतं, त्याची गोष्ट खरी उतरते.

आपल्याकडची पहिली गोष्ट चौथीच्या पुस्तकातली. १७ ऑगस्ट १६६६, आग्र्याहून शिवाजी महाराजांची सुटका. मिठाईचे पेटारे सगळ्यांना आठवतात, मला पलंगावरचा हिरोजी फर्जंद आठवतो. महाराजांच्या जागी पांघरूण घेऊन तो पडून राहिला. हात तेवढा बाहेर, हातात महाराजांचं कडं. पेटाऱ्यातल्या माणसाला आपण पुढं सरकतोय एवढं तरी कळत होतं. हिरोजीला नुसतं पडून राहायचं होतं, आणि पहारेकऱ्याची पावलं ऐकायची होती.

'द ग्रेट एस्केप' या १९६३ च्या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीन मोटरसायकलवरून तारेच्या कुंपणावर झेप घेतो. मुलगी तो तुकडा दोनदा लावून दाखवते. प्रत्यक्षात तसं काही घडलं नव्हतं. घडलं ते आकड्यांत सांगता येतं. मार्च १९४४ मध्ये जर्मनांनी चालवलेल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून भुयार खणून ७६ जण बाहेर पडले. त्यातले ७३ पुन्हा सापडले, ५० जणांना गोळ्या घातल्या, तिघं तेवढे सुटले. भुयारांच्या कामाला सुमारे ६०० माणसं लागली होती. माती खणणारी, ती विजारीत लपवून मैदानात सांडणारी, पहाऱ्यावर नजर ठेवणारी. सहाशेतले तीन! मोटरसायकल नसती तरी ही गोष्ट उभी राहिली असती, पण हे सहाशे नसते तर भुयारच झालं नसतं.

त्याहून मला आवडतो रोबेर ब्रेसाँचा १९५६ चा फ्रेंच सिनेमा. फाशीची शिक्षा झालेला कैदी निसटला, असा नावातच शेवट सांगून टाकलेला. आंद्रे देविन्यी नावाचा माणूस १९४३ मध्ये लिआँच्या मोंल्युक तुरुंगातून पळाला होता, त्याची ही हकीकत. सिनेमातला फोंतेन चमच्याचा दांडा फरशीवर घासून त्याची पटाशी करतो आणि कोठडीच्या दाराच्या फळ्या कित्येक दिवस किसत बसतो. त्याच्याआधी दुसरा एक कैदी पळायला जातो आणि पकडला जातो. मरण्यापूर्वी तो फोंतेनला निरोप देतो, की दोराला आकडे लागतील, दिव्याच्या चौकटीचे कर. मग ऐनवेळी कोठडीत एक पोरगा आणून टाकतात. खबऱ्या असेल का? याला मारायचं की बरोबर न्यायचं? फोंतेन त्याला बरोबर नेतो. भिंतीशी पोचल्यावर कळतं, की ती एकट्याला चढताच आली नसती.

'शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) बघून मुलगी म्हणाली, "हा बघा, हा कैदी अँडी एकटाच १९ वर्षं भिंत कोरतो." मी म्हटलं, हातोडी कोणी आणून दिली? भोक झाकायला सिनेमानटीचं पोस्टर कोणी आणलं? रेड नावाच्या त्याच्या कैदी मित्रानं. त्याच सिनेमात ब्रुक्स नावाचा म्हातारा कैदी आहे. ५० वर्षं आत काढल्यावर त्याला कायद्यानं सोडतात. दार उघडं, कागद हातात, पण बाहेर त्याचं कोणी नाही, आणि तो खोलीत गळफास घेतो. पुढे रेड सुटतो आणि त्याच खोलीत राहायला येतो. त्याचंही तसंच व्हायचं. पण अँडीनं एका शेतात, ओकच्या झाडाखाली दगडाआड त्याच्यासाठी डबी ठेवलेली असते. त्यात चिठ्ठी आणि पैसे. मला ते तिकीटच वाटलं. ब्रुक्सचं कोणी काढलं नव्हतं.

आता बायकांकडे येतो. मुंबईला पळालेल्या मुलाची गोष्ट आपण हसत सांगतो. 'पळाला, हॉटेलात कपबशा विसळल्या, मोठा माणूस झाला.' मुलीच्या बाबतीत 'पळून गेली' म्हटलं की बोलणं संपतं. कुठं गेली, काय खाते, कोणी विचारत नाही.

इब्सेनच्या १८७९ च्या 'अ डॉल्स हाऊस'मधली नोरा नवऱ्याचं घर सोडते. अनंत काणेकरांनी ते नाटक 'घरकुल' नावानं मराठीत आणलं. तिनं लावलेल्या दाराचा आवाज जगभर गाजला. जर्मनीतल्या एका नटीनं मुलं टाकून जायचं नाकारलं, म्हणून इब्सेनला नाइलाजानं दुसरा शेवट लिहून द्यावा लागला. त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशीच कोसळते. हे सगळं वाचनात येतं. पण त्या रात्री नोरा झोपायला कुठं जाते? मैत्रिणीकडे, क्रिस्टिनकडे. आणि मुलं कोणाच्या भरवशावर? ज्या दाईनं नोराला लहानाची मोठी केली, तिच्या.

जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (१९८२) शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरचा. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक होऊन घराबाहेर पडते. लहान मुलगी तिची जाऊ सांभाळते. शेवटी सुलभा रेल्वेत बसलेली असते, तेव्हा तिच्या तोंडाकडे सगळे बघतात. मी त्या जावेचा विचार करतो. बाई घर सोडते तेव्हा घरातली दुसरी बाई तिचं पोर उचलून घेते. नॉर्वेपासून महाराष्ट्रापर्यंत हा हिशेब सारखाच आहे, आणि तो दोन्ही गोष्टींत जेमतेम कोपऱ्यात सांगितलाय.

पुरुषाला, त्यातून घरचं बरं असलेल्या पुरुषाला, तोही हिशेब लागत नाही. नेमाड्यांच्या 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यात सहा वर्षं घालवून, हात हलवत सांगवीला परत जातो. वडिलांवर त्याचा केवढा राग! पण पुण्याचा खर्च वडिलांचाच, आणि परत येताना घर, शेत, ताट जागेवर. म्हणून त्याच्या जाण्याला आणि येण्याला कोणी पळणं म्हणत नाही. मला ती कादंबरी फार आवडते, तरी एवढं म्हणायचंच.

याच्या उलट टोकाला शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७). पटकथा गदिमांची. सहा खुनी कैदी उघड्या माळावर आणून सोडलेले, त्यांना पळायला कोणी अडवत नाही, आणि पळाले तरी जेलरचे डोळे पाठ सोडत नाहीत. ही नुसती कल्पना नव्हे. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, त्यावरून ती सुचली. तिथं कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. आटपाडीला मुक्कामी गाडी घेऊन जायचो तेव्हा मला याचं नवल वाटायचं. ज्यांच्यावर खुनाचा गुन्हा सिद्ध झालाय, त्यांना आम्ही भिंतीवाचून ठेवू शकतो. आणि ज्यांनी फक्त लग्न केलंय, त्यांच्यामागे जीप घेऊन निघतो.

म्हणजे 'सैराट' आलाच. २०१६ मध्ये आमच्या थेटरात पोरं गाण्यावर पडद्यापुढं नाचली. करमाळ्याकडचं पाणी, केळीच्या बागा, विहीर, सगळं ओळखीचं. गाणी सगळी पहिल्या अर्ध्या भागात. हैदराबादेत आल्यावर नागराज मंजुळे गाणं बंद करतात आणि झोपडपट्टी, भांडण, पाणी, पगार दाखवतात. पळाल्यानंतरची दुसरी सकाळ इतकी बारकाईनं मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिली नाही. आणि या सिनेमातलं तिकीट फाडणारं माणूस म्हणजे सुमनअक्का. रात्री गुंडांच्या तावडीतून ती पळून आलेल्या आर्ची-परश्याला सोडवते, झोपडी देते, परश्याला आपल्या डोशाच्या गाडीवर घेते, आर्चीला कारखान्यात काम बघून देते. ती नसती तर गोष्ट स्टेशनबाहेरच संपली असती. शेवटाबद्दल सगळे बोलले. सुमनअक्काबद्दल फार कमी.

मी बोलतो, कारण मी सुमनअक्का झालो नाही.

'सैराट'च्या वीस-बावीस वर्षं आधीची गोष्ट. डिसेंबरातली थंडी, गाडी निम्मी रिकामी. टेंभुर्णीच्या अलीकडे मुलीनं मला हळूच विचारलं, "भाऊ, पुण्यात बायकांना राहायला कुठं जागा असते का?" एकोणीस-वीस वर्षांची असेल. मी म्हटलं, "स्टँडवर विचारा." अर्ध्या तासानं एका फाट्यावर जीप आडवी लावलेली. चौघं चढले. आवाजही चढवला नाही. "कंडक्टरसाहेब, आमची मुलगी आहे गाडीत. घरचा मामला आहे."

गाडी माझी होती, वेबिल माझं होतं. तिकीट काढलेला प्रवासी वाटेत कोणी उतरवून नेऊ शकत नाही, हे मला पाठ होतं. गाडी थेट पोलीस ठाण्यात नेता येते, पाकीट मारल्यावर आम्ही दोनदा नेलीही होती. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मी पंच हातात धरून उभा राहिलो. मुलगा आधी उतरला, मग ती. उतरताना तिनं माझ्याकडे बघितलं, विनवणी वगैरे काही नाही, स्टॉप आला का हे विचारताना प्रवासी बघतात तसं. जीप बाजूला झाली. मी डबल बेल दिली. पुढे काय झालं ते मी कोणाला विचारलं नाही.

म्हणून एवढं लिहिलं. काही वाचक म्हणतील, मुलगी अज्ञान असली तर? आईबापांची काळजी खोटी का? अज्ञान असली तर १०९८ हा मुलांचा क्रमांक आहे, पोलीस आहेत. रात्री आडवी लावलेली जीप ही काळजी नव्हे. सज्ञान असली तर २७ मार्च २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा शक्ती वाहिनी खटल्यातला निकाल आहे. अशा जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण द्यावं, जिल्ह्यात विशेष कक्ष आणि २४ तास चालणारी मदतवाहिनी असावी, जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारा उभारण्याचा राज्यांनी विचार करावा, असं त्यात सांगितलंय. त्या मुलीचा प्रश्न, राहायला कुठं जागा असते का, आता सरकारला विचारायची सोय आहे.

तो विचारा. आपल्या जिल्ह्यातला निवारा कुठं आहे, कक्षाचा फोन कोणता, हे पोलीस अधीक्षकांना पत्रानं विचारा. आणि एसटीला माझी एक विनंती. तो क्रमांक, शेजारी महिलांसाठीचा १८१ आणि पोलिसांचा ११२, गाडीत रंगवा. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर, 'धूम्रपान करू नये'च्या शेजारी, एवढ्या अक्षरांना जागा आहे.