मसाला आमचा, नाव कुणाचं?

गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला. गटातल्या अकराजणी चार वर्षं कांदा-लसूण मसाला करून तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याला सुटा देत होत्या. तो पुड्या भरून वर आपलं नाव छापायचा. आता गटानं स्वतः विकायचं ठरवलं, तर दुकानदार म्हणतो, "लोक तो पिवळा पुडाच मागतात." मसाला तोच, हात तेच. "ताई, मग गिऱ्हाईक विकत काय घेतं?" एकीनं विचारलं.

गिऱ्हाईक भरवसा विकत घेतं. एखादं नाव ऐकल्यावर चव, दर्जा, सवय असं जे मनात येतं, तो ब्रँड. तो गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतो. ट्रेडमार्क मात्र कागदावर असतो. आपला माल इतरांपासून वेगळा ओळखू यावा म्हणून नोंदवलेलं नाव किंवा चिन्ह म्हणजे ट्रेडमार्क. ते दुसऱ्यानं वापरलं तर कायद्यानं अडवता येतं. ब्रँड अनेकींच्या राबण्यातून उभा राहतो. ट्रेडमार्क ज्याच्या नावावर नोंदला, त्याचा होतो. खरी मेख इथं आहे. आमच्या बायकांनी चार वर्षं ब्रँड घडवला, पण दुसऱ्याचा.

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव त्यानंतर, १९६२ मध्ये ठरलं. आज ते घरोघरी ठाऊक आहे. महत्त्वाचं हे की पापड लाटणाऱ्या बहिणीच संस्थेच्या मालक आहेत. त्यामुळे नावाची पत वाढली, तिचा लाभही त्यांच्याकडेच आला.

१९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात संघटनेच्या सभासदांसाठी सामूहिक चिन्हाची सोय आहे. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येतं. 'शुद्ध', 'चविष्ट' अशी मालाचं नुसतं वर्णन करणारी नावं सहसा मंजूर होत नाहीत. म्हणून नाव वेगळं शोधावं. आणि अर्ज कुणाच्या नावानं जातो, हे प्रत्येकीनं वाचून बघावं. अध्यक्षबाईंच्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावानं तो गेला, तर व्यापारी बदलला एवढंच होईल.

कागद झाला म्हणून गिऱ्हाईक धावत येणार नाही, हेही खरं. ट्रेडमार्क मालकी सांगतो, दर्जाची हमी देत नाही. दर्जा दर पुड्यात राखावाच लागेल.

आपणही गिऱ्हाईक आहोत. पुड्यावर डोईवर पदर घेतलेली हसरी आई छापलेली दिसली की आपल्याला घरची चव आठवते. तो मसाला कुटणारीला दिवसाची मजुरी किती मिळाली, हे मात्र पुड्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. मैत्रिणींनो, शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण भांडलो. पुड्यावरचं नाव हाही एक सातबाराच आहे.